चार माणसं, खांदा आणि होम जिम

हसायचं नाही हं! म्हणजे हसा, पण कप खाली ठेवून हसा. त्या दुपारी माझ्या अंगावर जो काटा आला होता ना, तो अजून पुरता गेलेला नाही.

झालं असं, की पुण्याहून माझी भोपाळला बदली झाली. बायको आणि मुलगी तिकडेच, कारण मुलीची बारावी. माझ्या जेवणाचे हाल होतील म्हणून आई सोबत आली. मिसरोदला भाड्यानं घर घेतलं. शेजारी चौरसियाजी, रिटायर्ड, अगदी देवमाणूस. सगळं झकास चाललेलं आणि माझा खांदा आखडला! डॉक्टर म्हणाले, रोज हलकी वजनं ओढा. म्हटलं, घरातच होम जिम आणू. ती नाही का, लोखंडी विटांची थप्पी असते, मध्ये पिन खोचायची आणि दोरी ओढली की हव्या तेवढ्याच विटा वर येतात? तसली.

टेप घेऊन हॉल मोजला. मशीन एकाच जागी बसत होतं, खिडकीपाशी. आणि तिथे कोण? आईचा दिवाण!

"लोखंडाचा सांगाडा आणून माझ्या जागेवर उभा करणार तू?" आई कडाडली.

"अगं, तुला आतली खोली आहे की!"

"आतल्या खोलीतून रस्ता दिसतो का? त्यापेक्षा जाते मी पुण्याला नंदूकडे. बस तू सांगाड्याला मिठी मारून!"

नंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आणि ही नुसती धमकी नव्हती बरं का! आमची आई बोलली की करते. सकाळभर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता, थेट चौरसियांच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जात होता. मग तिनं आतल्या खोलीचं दार धाडकन लावलं आणि एकदम चिडीचूप. मी म्हटलं, हीच वेळ आहे, सटकावं.

फाटकापाशी चौरसियाजी उभेच.

"क्या बात है कुलकर्णी साहब? सुबह से माताजी की आवाज़ आ रही थी."

"क्या बताऊँ! सुबह से बहुत तकलीफ थी. अभी शांत हो गईं."

"शांत? कब?"

"बस, अभी. एकदम! मैंने भी कहा, चलो, छूटे!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "और आप इस वक्त अकेले कहाँ जा रहे हैं?"

"बिट्टन मार्केट. सामान लाना है ना. दोपहर को चार आदमी मिलेंगे क्या? कंधा देना पड़ेगा, बहुत भारी है. मेरा खुद का कंधा तो काम का नहीं."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आप चिंता मत करो. अपन सब हैं."

माझे तर डोळे भरून आले हो! एका मशीनसाठी शेजारी रडतो, अशी माणुसकी पुण्यात मिळेल का सांगा?

दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत मशीनं ओळीनं उभी होती. कोणी हात लावला नव्हता, तरी एकाची वीट खाली आली. ठण्ण! मला उगाच दचकायला झालं. एक मशीन भलंमोठं, छताला टेकेल असं. दुसरं लहान, बसायची जागा खाली. विक्रेता म्हणाला, "ये वाला तो माताजी भी कर सकती हैं." तिथे मी विरघळलो. म्हटलं, आईलाच विचारू. फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

रागात आहे, दुसरं काय! असं स्वतःला समजावलं. लहान मशीन पसंत केलं, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत आडवं घातलं आणि निघालो.

आमच्या गल्लीत शिरलो, तर कसलाच आवाज नाही. भरदुपारी सगळे कूलर बंद. भाजीवाला हातगाडी धरून मुकाट उभा. आमच्या अंगणात पांढऱ्या कुडत्यांमध्ये कॉलनीतले पुरुष, ओट्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. सगळे माझ्याकडे बघतायत. भिंतीला दोन बांबू टेकवलेले. हे कशाला, मला कळेना.

चौरसियाजी पुढे आले आणि मला मिठीच मारली. "हिम्मत रखिए. बड़ी पुण्यात्मा थीं. आपके बिना हममें से कोई अंदर नहीं गया."

थीं? होत्या?

अहो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. सकाळी ती एकदम गप्प कशी झाली? फोन का उचलला नाही? आणि शेवटचं भांडण कशावरून, तर दिवाणावरून! मी तिथेच फरशीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडायला लागलो. "आई गं! नको मला मशीन! कुठेही जाऊ नकोस!"

रडता रडता विचारलं, "पर आपको किसने बताया?"

"आप ही ने तो! सुबह बोले थे, माताजी शांत हो गईं."

"हाँ, शांत! मतलब चुप! चिल्लाना बंद!"

"चुप?" त्यांनी हळूच आकाशाकडे बोट केलं. "हमारे यहाँ तो शांत होना मतलब..."

हुश्श म्हणणार, तेवढ्यात आठवलं. मग फोन का उचलत नव्हती? माझ्या रडण्यानं तरी बाहेर यायला नको का? धावत आत गेलो आणि दार बडवलं. "आई! ए आई!" आत काही हालचाल नाही. मागे सगळी कॉलनी श्वास रोखून उभी.

मग कडी सरकली. दार कुरकुरत हळूहळू उघडलं. आत काळोख, आणि काळोखात एक पांढराफटक चेहरा. केस मोकळे. दोन्ही कानांत कापसाचे बोळे!

बायका किंचाळल्या. दोघे पुरुष तर थेट फाटकाबाहेर. चौरसियाजी माझ्या पाठीमागे लपून रामनाम घ्यायला लागले.

"मेल्या, दार काय बडवतोस?" चेहरा गरजला. "घामोळ्यांची पावडर लावून जरा पडले, तर तेही बघवत नाही? तुझी कटकट ऐकू येऊ नये म्हणून कापूस घातला मी!"

मी तिचे पायच धरले. "आई, दिवाण खिडकीपाशीच राहील. पण तू जाऊ नकोस गं."

एवढ्यात बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "साहब, बॉडी कहाँ उतारनी है?"

उरलेलेही पळाले! त्यांना परत गोळा करून, समजावून, ज्या चार जणांनी खांदा द्यायला कपडे बदलले होते, त्यांनीच मशीन आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

आई काही पुण्याला गेली नाही. उलट मशीनच्या प्रेमात पडली. रोज सकाळी सगळ्यात वरच्या विटेखाली पिन खोचते आणि ठण्ण ठण्ण करत ओढत बसते. मी? माझा खांदा अजून तसाच आहे.

परवा बाजारात भर गर्दीत चौरसियाजी भेटले. "अब माताजी कैसी हैं?"

आता शहाणा झालो होतो. जपून, एकेक शब्द पारखून, छाती फुगवून मी म्हणालो, "मैं तो बंद पड़ा हूँ, लेकिन हमारी माताजी एकदम चालू हैं!"

भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला. दोन बायकांनी वळून बघितलं. चौरसियाजींनी मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाले, "साहब, अपनी माँ को ऐसा नहीं बोलते."

तेव्हापासून कॉलनीत आईच बोलते. मी मागे पिशवी धरून उभा असतो.