दूध थांबेपर्यंत

पेट्रोलच्या डेपोत त्याला सगळे ‘नवरदेव’ म्हणायचे. दिसायला देखणा होता म्हणून नव्हे. तो टँकर असा चालवायचा, की जणू मागे पेट्रोल नसून वरात बसली आहे आणि कुणाच्या कपड्यांची घडी मोडता कामा नये. बाकीचे ड्रायव्हर त्याच्या मागून हॉर्न मारायचे, पुढे निघून जायचे, आणि पुढच्या चहाच्या टपरीवर तो आला की विचारायचे, “काय नवरदेव, मुहूर्त टळला ना?” तो हसून चहा मागवायचा. इतक्या वर्षांत गाडीला कधी ओरखडा आला नव्हता. त्याला काय ते तेवढंच भूषण.

मग एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात कोसळल्या. उजवी बाजू गेली. त्यांना ही एकच मुलगी, म्हणजे त्याची बायको. ती इस्पितळात परिचारिका, नोकरी कायमची, त्याची ठेकेदाराकडची. घरी कोण राहणार यावर घरात एकही आवाज चढला नाही. तोच म्हणाला, “मी राहतो. टँकरला दुसरा ड्रायव्हर मिळेल. आईंना दुसरा जावई कुठून आणायचा?”

बोलायला सोपं होतं. पहिल्या महिन्यात त्याच्या नाकी नऊ आले. भात कधी करपायचा, कधी त्याची खळ व्हायची. अंथरुणात माणूस असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची हे बायकोने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा त्याला जमलं. सासूबाईंची वेणी तो दोरखंडाला गाठ मारावी तशी आवळायचा. त्यांची जीभ तेव्हा जड होती, पण टोमणा मारण्यापुरती शाबूत होती. “जावईबापू, मला टपावर बांधून नेताय का कुठे?”

हळूहळू त्याचा हात बसला. वेणी सैल आणि सरळ यायला लागली. दूध उतू जाण्याआधी दुसऱ्या खोलीतून उठून येण्याची कला साधली. ती साधली की समजावं, माणूस घरात मुरला. पण रस्त्यावरून जड गाडी गेली आणि फळीवरचे पेले किणकिणले, की भाजी चिरता चिरता तो म्हणायचा, “तिसऱ्यात टाकायला हवी होती.” नव्या शेजाऱ्याने विचारलं, काय करता आपण, तर तो म्हणायचा, “ड्रायव्हर आहे.” आणि दाराची कडी लावल्यावर स्वतःशीच, “होतो.”

काही वर्षांनी सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, स्वतःचा चहा स्वतः करायला लागल्या, तरी तो त्यांच्या मागे मागे हात पुढे करून फिरायचा. शेवटी त्याच वैतागल्या. “अहो, तुम्ही असे पायात पायात आलात तर मी तुम्हालाच अडखळून पडेन. जा आता तुमच्या गाडीवर. घरात तुमचं तोंड बघून मला पुन्हा झटका यायचा.”

पेट्रोलचा ठेकेदार धंदा आवरून गेला होता. दूध डेअरीला मात्र टँकरवर माणसं हवी होती. तो गेला. परीक्षा घ्यायला एक मुलगी आली. मुलगीच म्हणायची, त्याच्या निम्म्या वयाची, केस घट्ट बांधलेले, तोंडात लवंग.

“या काका. पट्टा लावा.”

“हो मॅडम.”

“मॅडम नका म्हणू. डेपोत मला मास्तरीण म्हणतात. तोंडावर ताई म्हणतात.”

“मी पोरी म्हटलं तर?”

“परीक्षा होऊ दे, मग बघू.”

टाकी पाण्याने अर्धी भरलेली होती. अर्धी टाकी वाईट, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. भरलेलं भांडं गप्प बसतं, अर्धं हिंदकळतं. आवारातून गाडी काढताना त्याचा जीव टांगणीला लागला होता, पण दोन वळणं गेली आणि हात आपणहून बोलायला लागले. गिअर लोण्यासारखे पडत होते. पुलाचा चढ, शाळेपुढचा अरुंद रस्ता, चौकातलं वळण, सगळं त्याने अलगद काढलं. मास्तरीण काही बोलत नव्हती, लवंग चघळत होती. न बोलणारा परीक्षक म्हणजे चांगलं चिन्ह, असं त्याला वाटलं. नाही म्हटलं तरी छाती थोडी फुगली.

सिग्नल लाल झाला. त्याने लांबूनच ब्रेक दाबत आणला आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मागे गाडी उभी केली. बघितलंत ना, अशा नजरेने त्याने शेजारी पाहिलं, आणि पायाचा दाब सैल सोडला.

गाडी थांबली होती. पाणी थांबलं नव्हतं. मागून लाट आली, टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळली, आणि अख्खा टँकर कुणी ढकलावा तसा पट्टा ओलांडून पुढे गेला. रस्ता ओलांडणारा एक सायकलवाला सायकल टाकून मागे उडाला.

“अंगावर घालता का राव! झोपलाय काय?”

त्याने ब्रेकवर पाय ठोकला. सायकलवाल्याने सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, शिव्यांचा आहेर केला आणि निघून गेला. त्याने पुढे बाजूला गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

“नापास ना?”

“नापास,” मास्तरीण म्हणाली. “आधी काय चालवायचात?”

“पेट्रोल. कप्प्यांची टाकी. आत आडव्या भिंती.”

“वाटलंच. त्या भिंती लाट मोडतात हो. दुधाच्या टाकीत भिंत चालत नाही, कोपऱ्यात दूध राहिलं की नासतं. आतून सगळं गुळगुळीत. लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी धावते. कप्प्यांवर वाढलेले सगळे इथेच चुकतात.” मग म्हणाली, “रस्त्यावर काढण्याआधी हे आवारात दाखवायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

“पाय माझा होता, पोरी.” नकळत तो शब्द निघून गेला. तिने हरकत घेतली नाही.

“महिनाभर माझ्या शेजारी बसा. क्लीनरच्या सीटवर. मग पुन्हा परीक्षा घेते. उद्या सकाळी सांगा.”

घरी येऊन त्याने घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. बायको इस्पितळातली पाळी संपवून आली, तिने ते पाहिलं आणि पिशवी खाली न ठेवताच विचारलं, “काय झालं?”

त्याने सांगितलं. सायकलवाल्यापर्यंत सगळं.

“लागलं का त्याला?”

“नाही. पण लागलं असतं.” त्याने कढई पालथी घातली. “जाऊ दे. या वयात क्लीनरच्या सीटवर बसू? माझ्या हाताखाली क्लीनर तयार होऊन ड्रायव्हर झाले. काप गेले नि भोकं राहिली, दुसरं काय.”

बायकोने त्याची समजूत घातली नाही. इस्पितळात वर्षं काढलेली बाई ती. “लागलं असतं म्हणतोस ना? मग न शिकता त्या गाडीला हात लावू नकोस. आणि शिकायचं नसेल तर घरात तोंड पाडूनही बसू नकोस. दोन्हीतलं एक कर.”

आतून काठीचा आवाज आला. सासूबाई दारात येऊन टेकल्या. कान त्यांचे अजून तिखट.

“इतकी वर्षं माझ्या उशाशी बसलात, जावईबापू. ती कुठली सीट होती? ड्रायव्हरची?”

तो काहीतरी बोलायला गेला, आणि हसायलाच लागला. हसता हसता डोळे पुसले. हाताला साबण होता, ते चुरचुरले.

महिनाभर तो शेजारी बसला. ओळखीचे ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, “नवरदेवाला करवली मिळाली रे!” पहिल्या आठवड्यात त्याचे कान लाल व्हायचे. मग तो ऐकेनासा झाला, कारण त्याला दुसरंच ऐकायचं असायचं. मास्तरीण बडबडी निघाली. नवऱ्यापासून टायरपर्यंत तिला सगळे विषय चालायचे. पण गाडी थांबली की ती वाक्य अर्ध्यात तोडायची. लाट पुढे येऊन आपटायची, मागे जायची, पुन्हा यायची, लहान होऊन. लाट मेली की मगच तिचा पुढचा शब्द. त्याने डोळे मिटून पाठीला ते मोजायला शिकवलं. रस्त्यावर वळण दिसण्याआधी दुधाला वळण कळतं, असं त्याला वाटायला लागलं.

दुसऱ्या परीक्षेत ती एवढंच म्हणाली, “उद्यापासून एकटे या. लवंग हवी का?”

पहिल्या फेरीत टाकी अर्धीच भरली होती, आणि डेअरीच्या फाटकाशी रांग होती. मागे दोन टँकर, दोघांचे हॉर्न. फाटकावरचा पहारेकरी हात हलवत होता, या या, पुढे या. त्याने गाडी थांबवलेलीच होती. पाय ब्रेकवर घट्ट. पाठीमागे दूध धडकलं, सीट हलली. परत गेलं, परत आलं.

पहारेकरी खिडकीशी आला. “काय हो, बंद पडली का गाडी?”

“नाही. दूध थांबतंय.”

पहारेकऱ्याने टाकीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मान हलवत बाजूला झाला. मागचे हॉर्न वाजतच होते. आणखी एक बारीकसा धक्का पाठीला लागला, कुणी बोट टेकवावं इतकाच. मग त्याने पाय उचलला आणि गाडी आत घेतली.