फेरी रद्द, पाटी तशीच

शैलाताई गेल्याचा निरोप मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. 'अत्यंत दुःखद. ईडन प्रेरीतल्या आपल्या सर्वांच्या लाडक्या शैलाकाकू आज सकाळी गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजलेल्या, स्वतःसाठी कधीही काही न मागितलेल्या...' मी तिथपर्यंत वाचलं आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माणूस गेल्याची बातमी आली की आधी रडू येतं असं मला वाटत होतं, पण मला आधी राग आला. 'गेल्या' या शब्दाचा अर्थ अजून डोक्यात शिरायचा होता आणि त्याच्या पुढचं वाक्य मात्र खड्यासारखं टोचत होतं. कारण ते खोटं होतं. आज दीड महिना झाला, रडून झालं, राग मात्र तसाच आहे. म्हणून हे लिहिते आहे.

शोकसभेत जे जे उठले ते सगळे तेच बोलले. कोणी 'त्यागमूर्ती' म्हणालं, कोणी 'नातवंडांतच त्यांचं जग होतं' म्हणालं. ज्यांनी त्यांच्याशी कधी हातावरच्या तिळगुळापलीकडे बोलणं केलं नव्हतं तेही सद्गदित झाले. शेवटी त्यांचा मुलगा रोहित उभा राहिला आणि म्हणाला, "आईने आमच्याकडे कधी काही मागितलं नाही." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. समोर टेबलावर दिवाळीच्या कार्यक्रमातला त्यांचा पैठणीतला फोटो होता आणि त्या फोटोत त्या अगदी वैतागलेल्या दिसत होत्या. पैठणी त्यांना आवडायची नाही. चालताना पायात येते म्हणायच्या.

चालणं हा त्यांचा जीव की प्राण. सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी झाली. कुठली गाडी कुठून कधी सुटणार, वस्तीची गाडी कुठल्या गावात मुक्कामाला राहणार, घाटात दरड कोसळली तर कोणती फेरी कुठून वळवायची, हे सगळं त्या ठरवायच्या. रविवारी मैत्रिणींना घेऊन गड चढायच्या. यजमान गेले, निवृत्ती आली, रोहित-केतकीला दुसरं बाळ झालं आणि त्या मिनेसोटात आल्या. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, पण ग्रीन कार्ड झालं आणि राहिल्याच. मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते. आमची ओळख तळ्याकाठच्या पायवाटेवर झाली. मागून येऊन त्यांनी मला ओलांडलं आणि वळून म्हणाल्या, "मराठी ना? मग जरा पाय उचला की." मी पन्नाशीची, त्या पासष्टीच्या.

नॉर्वे आमच्यात आलं ते एका कॅलेंडरमुळे. रोहितच्या स्वयंपाकघरात कुठल्याशा इन्शुरन्स एजंटने दिलेलं कॅलेंडर होतं आणि जुलैच्या पानावर समुद्रातून सरळ वर उठलेले काळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी चार-पाच लाल घरं. लोक असं चित्र बघून 'वा' म्हणतात. शैलाताईंनी चष्मा पुसला, पानाला नाक लावलं आणि म्हणाल्या, "अंजू, हे बघ, रस्ता आहे. जिथे रस्ता आहे तिथे गाडी जाते आणि जिथे गाडी जाते तिथे मला जाता येतं." त्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. युरोपच्या पार उत्तर टोकाला ट्रोम्सोला उतरायचं, आधी तिथल्या डोंगरात चार-पाच दिवस झोपडी ते झोपडी चालायचं, मग गाडी भाड्याने घ्यायची, मी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून रस्ता सांगायचा. समुद्राच्या कडेकडेने खाली यायचं, सेन्या नावाच्या बेटावर बोटीने जायचं, तिथून दुसऱ्या बोटीने पुढच्या बेटावर, असं करत लोफोतेनच्या बेटांपर्यंत. बोटींना फेरी म्हणतात हे कळल्यावर तर त्या खूशच झाल्या. "आयुष्यभर फेऱ्याच लावल्या की मी," म्हणाल्या. प्रत्येक ठिकाणी शेवटच्या फेरीवर भरवसा ठेवायचा नाही, एक चुकली तरी मागे एक असलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही हे वाचून मात्र त्या जरा अडखळल्या. मग वस्तीची गाडी कुठली म्हणायची, असं त्यांना खरोखरच वाटलं होतं.

डोंगरातल्या त्या झोपड्यांचं त्यांना फार अप्रूप. सभासद झालं की एक किल्ली मिळते आणि तीच किल्ली बहुतेक झोपड्यांना लागते. आत कोरडी लाकडं फोडून ठेवलेली असतात, आपण शेकोटी करायची आणि निघताना पुढच्यासाठी पुन्हा लाकडं फोडून ठेवायची. "आपल्या मंडळाच्या कपाटाला तीन कुलपं आहेत," त्या म्हणाल्या, "आणि आत काय, तर कागदी प्लेटा."

हे सगळं लपूनछपून चाललं होतं का? मुळीच नाही. त्यांनी लायब्ररीत नकाशाची पानं छापून घेतली, एकाला एक चिकटवली आणि तो लांबलचक नकाशा फ्रिजच्या दारावर लावला. चालायचं ते हिरव्या पेनाने, गाडीने जायचं ते निळ्या, बोटींच्या जागी लाल फुल्या. दूध काढायला जो कोणी फ्रिज उघडेल त्याला आधी नॉर्वे उघडावं लागायचं. दोन वर्षांहून जास्त तो नकाशा तिथे आहे. मंडळाचे अध्यक्षसुद्धा त्या घरी गणपतीला जेवले आहेत, ताकाचं भांडं त्यांनीच काढलं होतं.

आणि सराव. पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय हवी म्हणून त्यांनी तुरीच्या डाळीची दोन मोठी पाकिटं आणली, फुटू नयेत म्हणून त्यांना चंदेरी चिकटपट्टी गुंडाळली आणि सॅकमध्ये भरली. हिवाळ्यात मुलं जिच्यावरून घसरत खाली येतात त्या तळ्याकाठच्या टेकडीवर ती सॅक घेऊन त्या वर-खाली करायच्या. टेकडी कसली, उंचवटाच तो, पण इथल्या सपाटीत दुसरं आहे काय? लोक गाड्यांच्या काचा खाली करून विचारायचे, काकू, डाळ घेऊन कुठे? त्या ठणकावून सांगायच्या, "नॉर्वेला." लोक हसायचे. ती डाळ घरात कोणी शिजवायची नाही अशी सक्त ताकीद होती. पहिल्या वर्षी आम्ही लेक सुपिरियरच्या काठाने दोन दिवसांची पायपीट करून आलो. तंबूत झोपलो, मेतकूट-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा गुडघा बोलायला लागला तेव्हा माझं सामानही त्यांच्या सॅकमध्ये गेलं. त्यांच्या तब्येतीला झेपलं असतं का, असं आता जे विचारतात त्यांच्यासाठी हे सांगून ठेवते.

तर मागण्याबद्दल. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी जेवणाच्या टेबलावर, माझ्या समोर, स्वच्छ मराठीत सांगितलं, "रोहित, जुलैत मला दोन आठवडे हवेत." याला मागणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? रोहित म्हणाला, "बघू, आई." त्याचं प्रोजेक्ट लाइव्ह जाणार होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी फेब्रुवारीतच विचारलं, म्हणजे वेळ राहील. पुन्हा "बघू". केतकीची नवी नोकरी होती. अडचण सगळ्यांना ठाऊक होती. त्या बोटी चालतात उन्हाळ्यात आणि मुलांच्या शाळेला सुट्टीही उन्हाळ्यात. ज्या महिन्यांत तिकडे रस्ता मोकळा, नेमक्या त्याच महिन्यांत इकडे आजी हवी. इतर आया आपल्या मुलांना उन्हाळी कॅम्पला घालतात, पण इथे कॅम्पपेक्षा आजीचा डबा बरा. आता हा 'बघू' आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारी येत नाही. रोहित दुष्ट नाही हो. चांगला मुलगा आहे. आईचे गुडघे, दात, डोळे सगळ्यांच्या अपॉइंटमेंट वेळेवर घेणारा. तिची इच्छा तेवढी त्याच्या कॅलेंडरमध्ये बसत नव्हती.

यंदा मात्र जमलं होतं. त्यांचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे व्हिसा लागणार होता. मार्चच्या शेवटी शिकागोची अपॉइंटमेंट मिळाली. मी दोन दिवसांची रजा टाकली. येताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत थांबायचं, वाटेत खायला चकल्या आणि मंडळातल्या एका बाळंतिणीसाठी डिंक घ्यायचा, असंही ठरलं. सकाळी त्यांना घ्यायला गेले तर त्या ओट्यापाशी उभ्या राहून नातीच्या डब्यात पोळीचा रोल भरत होत्या. अंगावर घरातलाच ड्रेस.

"अगं, कॅन्सल केलं रोहितने," त्या म्हणाल्या. "केतकीला क्लायंटकडे जायचंय. त्याच्याच ईमेलवर होतं ना सगळं."

"तुम्हाला विचारलं का?"

"सकाळी सांगितलं."

मी भडकलेच. मुलं शाळेत जाईपर्यंत तोंड आवरलं, मग आवरलं नाही. एवढं सगळं होऊन नकाशा तरी कशाला ठेवलाय फ्रिजवर, काढून टाका, असंही म्हणाले. त्यांनी ओटा आवरला, हात पुसले. "डेपोत असं व्हायचं," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर नसला की फेरी रद्द. पण गाडीची पाटी नाही काढायची आम्ही. पाटी काढली की लोक स्टँडवर यायचंच बंद करतात." मग त्यांनी बूट घातले, सॅक पाठीला लावली आणि आम्ही टेकडीवर गेलो. बर्फ नुकतं वितळलं होतं, चिखल होता. त्या माझ्या पुढे होत्या. वर पोचल्यावर रडत होत्या असं मी म्हणणार नाही. रागावलेल्या होत्या. "दोन आठवडेच मागितले होते," एवढंच म्हणाल्या. ती आमची शेवटची टेकडी. त्यानंतर काही आठवड्यांनी, अगदी साध्या सकाळी, चहा करता करता त्यांना स्ट्रोक आला.

तेराव्याचं जेवण रोहितकडेच रविवारी ठेवलं होतं. मी मदतीला लवकर गेले. बाहेर अध्यक्ष आणि मंडळी बसली होती, आत आम्ही तिघी-चौघी. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी वरण होईना. झाकण काढून बघावं तर डाळ टणक, दाणा न् दाणा वेगळा. जुनी डाळ दिसते, कोणीतरी म्हणालं. मी साली टाकायला कचऱ्याचा डबा उघडला आणि वरच ती चंदेरी चिकटपट्टी दिसली.

"केतकी, ही डाळ कुठून आणलीस?"

ती ओट्याला टेकली. "गॅरेजमधून, सॅकमधून. मला माहीत होतं, अंजूताई, कोणती आहे ते. पण घरातली संपली होती, माणसं दारात आली होती..." मग तिला रडू फुटलं. "आई असत्या तर डाळ संपली नसती."

तिच्यावर रागवायचा माझा धीर झाला नाही. दोन वर्षं गॅरेजमध्ये तापलेली, टेकडीवर गारठलेली डाळ ती, शिजणार कशी? पण बाहेर आले तर अध्यक्ष पुन्हा तेच सांगत होते, ताईंनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही. मग मात्र मी बोलले. म्हटलं, मागितलं होतं. या टेबलावर मागितलं होतं, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती. आत फ्रिजवर लावलेलं आहे, जाऊन वाचा. अध्यक्ष म्हणाले, ही काय बोलायची वेळ आहे का? मी म्हटलं, मला सांगा, कोणती वेळ होती मग? ती जिवंत होती तेव्हा तुम्ही हसत होतात आणि आता तिला देवी करून ठेवताय, कारण देवीला फक्त हार लागतो, दोन आठवडे लागत नाहीत. रोहितने मान वर केली नाही. वरण कच्चंच वाढलं गेलं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे पुन्हा गेले. यंदा जुलैत मी जाणार आहे, त्याच रस्त्याने, त्याच फेऱ्यांनी. ती सॅक मला द्या, आणि जमलं तर नकाशाही, असं मी रोहितला म्हटलं. तो लॅपटॉपवर होता. सवयीने म्हणाला, "बघू, अंजूताई..." आणि थांबला. लॅपटॉप मिटला. मग उठून गॅरेजमध्ये गेला आणि सॅक घेऊन आला. आत डाळीचं दुसरं पाकीट होतं, पट्टी गुंडाळलेलं. नकाशाकडे बघून तो म्हणाला, "तो राहू दे. इथेच राहू दे." मी त्याचा फोटो काढून घेतला.

सॅक आता माझ्या दाराशी, कोटांच्या खुंटीवर आहे. रोज सकाळी ती पाठीला लावून टेकडी चढते. पट्ट्याने खांद्यावर जिथे वळ उठतो तिथेच शैलाताई हाताने चोळायच्या, तेव्हा मला वाटायचं बाई उगाच कुरकुरतात. मंडळाच्या स्मरणिकेसाठी परवा मला चार ओळी मागितल्या, तर त्यात ते वाक्य आधीच छापून तयार होतं. मी काही पाठवलं नाही. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही असं ज्यांना अजून म्हणायचं असेल, त्यांनी एकदा माझ्याकडे यावं आणि ती सॅक उचलून बघावी.