पा-नंतरचा सा

कुरुंद्यात हळद पॉलिश करायचे दिवस सुरू झाले की घरात पांढरं असं काही उरत नाही. उशीचे अभ्रे, मांजर, माझी बाजाची पेटी, सगळ्यांवर पिवळी भुकटी बसते. त्यामुळे त्या रविवारी दुपारी लॅपटॉपवरचे सूर भलतीकडे जायला लागले, तेव्हा गुन्हेगार कोण हे मला एका क्षणात कळलं. मला काही इतक्या लवकर कळलं की बायको दचकते. तिचा अनुभव दांडगा आहे.

सूर कुणाचे, तर भाचीचे. साखऱ्याला दिलेल्या माझ्या बहिणीची ही मुलगी. क्लॅरिनेट वाजवते, बापाकडून शिकली. बाप लग्नाच्या बँडमध्ये आहे, पण वरातीत पोरीला कोण उभं करणार? शिकून घरातच बसलेली. तेवढ्यात नांदेडच्या एका शाळेत मुलांचा बँड बसवायला बाई पाहिजे असल्याचं कळलं. सोमवारी सकाळी मुलाखत. येताना मुलांसाठी स्वतः बांधलेली एक धून आणायची, पाच रेघांच्या विलायती नोटेशनमध्ये, छापून, आणि तिथं वाजवून दाखवायची. इकडे दाजींनी सांगून टाकलेलं, नोकरी लागली तर ठीक, नाही तर या उन्हाळ्यात लग्न उरकतो. स्थळ बघून झालं होतं. पोरीनं ते स्थळ पाहिलं होतं आणि म्हणूनच ती क्लॅरिनेट घेऊन माझ्याकडे आली होती.

"नोटेशनचं मामाकडं सोड," असं मीच फोनवर म्हणालो होतो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं माझ्याच वाक्यांनी सुरू झालेली आहेत. मी प्राथमिक शाळेतला मास्तर; प्रार्थनेला पेटी वाजवतो, आणि नोटेशनचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर फुकट उतरवून घेतलं होतं. उतरवणं म्हणजे येणं, अशी माझी समजूत.

दुपारी बसलो. ती एकेक सूर सांगायची, मी सा म्हणजे सी, प म्हणजे जी असं पुटपुटत बटणं शोधायचो. धून छान होती. चार ओळी, पहिल्या तीन ओळी पा-वर येऊन थांबायच्या आणि तिथून एकदम खाली सा-वर पडायच्या, पोरं विहिरीत उडी मारतात तशा. चौथी मात्र शहाण्यासारखी पायरी पायरीनं उतरायची. माझं सगळं लक्ष बटणांवर. टायपून झालं तेव्हा मान वर केली. पहिली ओळ रेघांवर होती. दुसरी रेघांच्या डोक्यावर. तिसरी त्याच्याही वर. चौथी तर पानाबाहेर पडायच्या बेतात, एकेका सुराखाली छोट्या रेघांची शिडी लावलेली.

"हे वाजवायला रातकिडा लागंल," भाची म्हणाली.

पुसून परत टायपलं. परत शिडी. तिसऱ्यांदाही तेच. वसमतच्या छपाईवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "संडे हाय मास्टर, छे बजे शटर डाऊन. जल्दी या." घड्याळात तीन वाजून गेलेले.

"हळद गेली आत," मी निकाल दिला. अंगणात भावाचा हळद पॉलिश करायचा फिरता ढोल गडगडतच होता. पेटीचा सूर बिघडला तर माझा उपाय ठरलेला आहे: पट्टी काढायची, खालचा सूर ब्रशनं पुसायचा, परत बसवायची. चाळीस वर्षांची पेटी मी अशीच जिवंत ठेवली आहे. तेव्हा तोच पेटीचा छोटा पेचकस आणला.

"मामा, लॅपटॉपची पट्टी निघती का पण?"

"सगळ्याची निघते. हात पाहिजे."

"हात हायेत," आतून बायको म्हणाली, "डोस्कं कुठून आणावं?"

पहिल्यांदा प्रयोग म्हणून बिनकामाची कळ निवडली: कोपऱ्यातला खालचा बाण. कधी वापरलाच नव्हता. पेचकस घातला, दाबला, टक्‌ असा आवाज झाला आणि कळ उडाली. खालचा इवलासा रबरही तिच्याबरोबर फाटून आला. आत खरंच थोडी पिवळी भुकटी होती! मला इतका आनंद झाला की फाटलेल्या रबराकडे मी बघितलंच नाही. लॅपटॉप उलटा धरून उरलेल्या कळांवर ब्रश फिरवला, फुंकर मारली, सगळं पुसलं, पुन्हा टायपलं.

शिडी.

परत पुसलं. मी टायपून राहिलो होतो आणि डोळ्यांपुढे दाजी, मंडप, ते स्थळ, त्या स्थळाची मिशी. पोरीनं क्लॅरिनेट जोडलं आणि ती कोपऱ्यात वाजवत बसली. बायकोनं चहा आणून ठेवला आणि या वेळी टोमणा मारला नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

मग पोरीनंच वाजवणं थांबवलं.

"मामा, लॅपटॉपवर वाजवा बरं एकदा. आवाज मोठा करा."

मी वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"सगळे सूर बराबर हायेत. फकस्त पा-नंतर सा वर जाऊन राहिला. दर बारीला तिथंच."

"हळदच ती, कुठंही—"

"हळदीला काय कळतंय पा अन् सा?"

मी पा टायपून सा टायपला: वर गेला. प म ग रे सा असं ओळीनं टायपलं: मुकाट खाली आला. मी पेटीवर बोटं ठेवून मोजलं. पा-पासून खालचा सा चार पायऱ्या लांब, वरचा तीनच. म्हणजे ते सॉफ्टवेअर जवळचा सा बघून तिकडे जात होतं. कनेरगाव नाक्यावरचा भुकेला ड्रायव्हर जसा पहिल्या ढाब्यापाशी थांबतो, तसं. त्याला कुणी खाली उतर म्हणून सांगितलंच नव्हतं. आणि एकदा वर गेलं की पुढची ओळ तिथूनच सुरू. प्रत्येक ओळीला एक मजला.

मोबाइलवर उपाय शोधला. सापडला, आणि अगदी सोपा: चुकलेल्या सा-पासून शेवटपर्यंत सगळं निवडा, कंट्रोल दाबून धरा आणि खालचा बाण एकदा दाबा. अख्खा भाग एक मजला खाली.

भाचीनं वाचलं. मग लॅपटॉपकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मामा, खालचा बाण कुठं हाय?"

तो चहाच्या बशीत होता.

कळ बसवून बघितली, बसेना; परत बशीत टाकली. रबरच नव्हता तर दाबणार काय? शाळेत दुसरा कीबोर्ड होता, पण शाळेची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर गावाला. (कीबोर्ड स्क्रीनवरसुद्धा उघडतो, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. तेव्हा कळून काय उपयोग!) तीन वेळा दाबायचं होतं. फक्त तीन. भाचीनं पेन्सिलीचं मागचं टोक त्या उघड्या खड्ड्यात धरलं, मी कंट्रोल धरला, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. दाबलं. काही नाही. जरा तिरकं दाबलं. काही नाही. पेन्सिलीला कागदाची घडी लावली, दाबलं, आणि तीन ओळी एकदम धपकन खाली आल्या.

"आली!" बायको ओरडली. ती कधी येऊन मागं उभी राहिली होती कुणास ठाऊक.

दुसऱ्यांदा जमायला बराच वेळ गेला. तिसऱ्यांदा जमेचना. सव्वापाच झाले. कुरुंद्याहून वसमत काही शेजारी नाही, आणि मधे माझी गाडी चालवणं आहे. चौथी ओळ अजून एक मजला वर.

"राहू द्या," भाची म्हणाली.

"अशी कशी राहू देऊ? चूक दिसंल ना!"

"वाजती ती. क्लॅरिनेटला जमतं तितकं वर. तीन मजले वर होती तवा रातकिडा लागत होता, आता मी पुरते. चला, गाडी काढा."

पेन ड्राइव्ह तिनं घेतला, शटर अर्धं खाली असताना आम्ही पोचलो आणि वाकून आत शिरलो. छापलेलं पान हातात घेतलं तेव्हा माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग त्यावर उमटला. पोरीनं दुसरी प्रत काढायला लावली आणि मला हात लावू दिला नाही.

सोमवारी मी वर्गात पाढे घेत होतो. पोरं बाराचा पाढा म्हणत होती आणि मी दर ओळीला मोबाइल बघत होतो. मधल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा फोन वाजला.

"मामा, त्यांनी विचारलं, शेवटची ओळ एवढी वर काहून?"

"मग?"

"वाजवली आधी तशीच. मंग सांगितलं, ही चूक हाय, हिला खाली आणायचं राहून गेलं. त्या मॅडम म्हणल्या, मग आणा की खाली, हा घ्या कॉम्प्युटर. पेन ड्राइव्ह पिशवीतच होता."

"आणली?"

"एका झटक्यात. तिथं खालचा बाण होता, मामा." ती हसली, काल दुपारपासून पहिल्यांदाच. "एक तारखेपासून ये म्हणल्या."

मी खाली बसलो. अंगणात ढोल गडगडत होता आणि त्या क्षणी मला तो आवाज फार गोड वाटला.

"पण बाबाला कसं सांगू? ते स्थळवाल्यांना शब्द देऊन बसले तर?"

"दाजींचं मामाकडं—" मी सुरू केलं. बायको चुलीजवळून उठून समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो खालचा बाण होता. बशी धुताना सापडला असावा.

"तूच सांग, बाई," मी म्हणालो. "आत्ता, लगेच कर फोन. मी मागून बोलतो."