शिंपल्यांची माती

येडशीच्या स्टेशनमागं मिनाजची भट्टी आहे. चाळिशीला आलेली ही बाई मातीतून काय घडवते ते गावाला अजून नीट कळलेलं नाही. गावाच्या लेखी ती कुंड्या करते. रामलिंगच्या रानातलं सागाचं पान ती ताटलीवर शिरांसकट उठवते, ओढ्यातला गोटा बघून वाडग्याचा घाट ठरवते. समुद्र मात्र तिनं जन्मात पाहिलेला नाही. वडील, खाजाभाई, ट्रक घेऊन रत्नागिरीला जायचे तेव्हा ती दरवेळी हट्ट धरायची, "अब्बा, मला न्या की दर्या दाखवायला."

"पुढच्या खेपेला," खाजाभाई हसून म्हणायचे आणि येताना खिसाभर शिंपले आणायचे. त्या शिंपल्यांवरच्या वळ्या बघून बघून तिनं मातीच्या लाटा घडवल्या. लोक त्यांना गोगलगाय म्हणाले. लोकांचं काय घेऊन बसलात!

गेल्या हिवाळ्यात कोकणातल्या एका कार्यशाळेनं कळवलं, सहा वाडगी पाठवा, पसंत पडली तर वर्षभर इथं राहून काम करा. जागा एकच, समुद्राला लागून. आई गेल्यापासून अब्बांचं खाणंपिणं, औषधपाणी मिनाजच्याच गळ्यात होतं. तरी तिनं ठरवलं, जायचंच. खाजाभाई हो म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं.

येडशीच्या मातीत चुनखडी फार. तिला चाकावर बसवणाऱ्या बब्रुवान कुंभारानं आधी दोन वर्षं नुसती चुनखडीच वेचायला लावली होती. एक खडा राहिला तरी भाजल्यावर तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि आठवड्याभरात भांड्याचा टवका उडतो. मिनाजनं माती तीनदा चाळली. मग, दर्या नुसता वरवर नको, आत मुरलेला हवा, म्हणून इतकी वर्षं जपलेले सगळे शिंपले कुटले आणि त्याच मातीत मळले. भट्टीतून वाडगी निघाली ती इतकी देखणी, की तिला रडू फुटलं.

दहा दिवसांनी कोकणातून फोटो आले. साही वाडग्यांना टवकेच टवके, देवीच्या वणांसारखे. जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली होती.

बब्रुवाननं फोटो बघून कपाळाला हात लावला. "पोरी, शिंपला म्हंजे चुनाच की गं! भाजला की झाला चुना."

"मला काय ठावं, काका? आपल्याकडं चुना दगडाचा."

तीनदा चाळून बाहेर काढलेलं तिनं स्वतःच्या हातानं परत कालवलं होतं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा चीड जास्त.

दुपारी तिनं अब्बांना सांगितलं.

"जाऊ दे बेटा," खाजाभाई म्हणाले. "नशिबात न्हाय म्हणायचं. पुढच्या साली बघू."

चेहरा त्यांनी पाडला होता, पण आवाज हलका झाला होता. मिनाजनं तो बरोबर ओळखला. समोरचं ताट उचलून आपटावं असं तिला वाटलं. तिनं त्यात कालवण वाढलं.

"लई दिवसांनी भूक लागली बघ," खाजाभाई म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.