स्कूटरवरची लेखिका

मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिणारा म्हणून पुण्यात मला थोडेफार लोक ओळखतात. ‘हे सगळं सुचतं कसं?’ असं कुणी विचारलं की मी आकाशाकडे बघतो. बघायला हवं होतं खाली, स्कूटरवर माझ्या पुढ्यात. तिथे माझी मुलगी उभी असायची.

कसब्यातून तिला शाळेत सोडायचं आणि पुढे येरवड्याच्या बाजूला कंपनीत जायचं, असा तेव्हा रोजचा क्रम. ती सहा वर्षांची. माझ्याकडे पाठ करून ती नदीखालच्या राज्याची गोष्ट सांगत राही. मी फक्त "हं, मग?" म्हणायचो आणि शाळेच्या फाटकाबाहेर पेट्रोलच्या पावतीमागे सगळं टिपून घ्यायचो. कंपनीत, शतक बदलणार म्हणून आम्ही प्रोग्रॅममधल्या वर्षांना दोन आकडे जोडत बसलेलो. मी संगणकाच्या एका खिडकीत आकडे ठेवी, दुसरीत राज्य. साहेब आले की राज्य झाकायचं.

पुस्तक निघालं, गाजलं. वर नाव माझं एकट्याचं. तिला म्हणालो, "तुझ्यासाठीच लिहिलंय बरं का." हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

तिनं पुस्तक वाचलं. आता ती स्कूटरवर मागे बसायची. दुसऱ्याच दिवशी गोष्टीत नवा राक्षस आला, गोष्टखाऊ. खिशाला दोन पेनं, तोंडात सुपारी. मुलांचं बोलणं गिळायचा आणि "हं, मग?" असा ढेकर द्यायचा. मला तो इतका आवडला की पोट मी त्याला पदरचं दिलं.

दुसऱ्या पुस्तकाची मुद्रितं बायकोनं नाश्त्याच्या वेळी वाचायला घेतली. दोन पानांतच म्हणाली, "अहो, हे आरशासमोर बसून लिहिलंत का?"

मुलगी पोह्यांतले दाणे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबाला कळलंच नाही, आई. मी किती दिवस वाट बघितली."

तेव्हाच कबूल करायला हवं होतं. मी हसलो आणि पुस्तक छापायला दिलं. त्यानंतर स्कूटरवर फक्त गृहपाठ आणि खड्डे. पुढची पुस्तकं माझ्या स्वतःच्या बुद्धीची आहेत. ती कुणी वाचत नाही, हे योग्यच आहे.

यंदा त्या दोन पुस्तकांची नवी आवृत्ती निघायची होती. मुलगी आता स्वतःच आयटीत. तिच्या कंपनीबाहेर चहाच्या टपरीवर तिला गाठलं आणि एकदाचं सगळं बोललो. तुझं नाव घालतो, म्हटलं.

गळ्यातलं ओळखपत्र खिशात सारत ती म्हणाली, "माझं नको. तुझं काढ."

प्रकाशकांनी विचारलं, मग लेखक कोण? सांगायची परवानगी नाही, म्हणालो. मुखपृष्ठाचा नमुना आला. त्यात खाली कोपऱ्यात, ‘शब्दांकन’ म्हणून, मी माझं नाव हळूच घुसवलं होतं. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"राहू दे," म्हणाली. "पण अक्षर अजून बारीक कर."