वाफा पुरा होईपर्यंत

गिरीजच्या वाडीत विहीर एक आणि भाऊबंद चार. पाण्याची पाळी ठरलेली, आणि त्यावर एक कडक रीत: हाती घेतलेला वाफा भरेपर्यंत दुसऱ्याने पाणी तोडायचं नाही. ही रीत पाहत जयवंत वाढला, इंजिनियर झाला आणि वालीवच्या एका गाळ्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे कंट्रोल बोर्ड बनवू लागला.

२००६ साली शेठनी ठरवलं, वेगवेगळी खोकी कशाला, सगळं एकाच बोर्डावर बसवा. त्या बोर्डावर दोन जातींचे प्रोसेसर होते. थोराड होता तो पडद्यावर चित्रं दाखवी. लहान पण चपळ होता तो सेन्सरवर लक्ष ठेवी आणि हात आत दिसला की ब्रेक लावी. जुने प्रोग्राम नव्याने लिहायला वेळ कोणाला? जयवंतने मधे एक थर लिहिला. त्या थरामुळे प्रत्येक प्रोग्रामला वाटे, मशीन आपल्या एकट्याचंच आहे. खरं तर मेमरी सगळ्यांत एकच, घरच्या विहिरीसारखी. तिच्यावर त्याने पाळी लावली, आणि रीतही घरचीच घातली: एकाचं हातातलं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. चित्रं लहान होती, थांबणं नावापुरतं होतं. वर्षभर काही बिघडलं नाही.

मग शेठना हौस आली. प्रदर्शनात मशीन मांडायचं तर पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह गरगर फिरलं पाहिजे. जयवंतने फिरवून दिलं. चित्राचा वाफा केवढा वाढला, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चाचणीला प्रेसवर रामनाथ होता, फुलपाड्याहून येणारा जुना ऑपरेटर. पत्रा वाकडा बसला म्हणून त्याने हात घातला. सेन्सरने हात पाहिला, पण ब्रेकचा प्रोग्राम चित्र पुरं व्हायची वाट बघत राहिला. रामनाथची दोन बोटं गेली.

शेठनी अंग झटकलं. रामनाथनेच हात उशिरा काढला, बोर्डात दोष नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि जयवंतला तोंड बंद ठेवायला बजावलं. नवं लग्न, नवा फ्लॅट, त्याने ठेवलं.

रविवारी वाडीत गेल्यावर त्याने वडिलांना, काशीरामना, आडूनच विचारलं: अर्ध्या वाफ्यावर पाणी कधीच तोडत नाहीत का?

"मानूस हिरीत पडला तं पयला पंप बंद," म्हातारा म्हणाला. "त्ये काय सांगाला लागते?"

मशीनला सांगावं लागतं, आणि एवढं शिकून या गड्याने नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं. सोमवारी त्याने नियम बदलला: ब्रेकची हाक आली की चित्र तिथेच तोडायचं. शेठ खूश झाले. आता चित्र आणखी मोठं करता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं.

संध्याकाळी जयवंत फुलपाड्याला गेला. आज खरं सांगायचंच, असं घोकत जिना चढला. रामनाथच्या बायकोने, शकूने, चहा दिला. रामनाथने बांधलेला हात मांडीवर घेतला.

"साहेब, मशीन तुम्ही बनवलंत. तुम्हीच सांगा, उशीर झाला ना?"

जयवंतने चहाचा कप खाली ठेवला.

"झाला, रामनाथ. उशीर झाला."

कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. शब्द एकही खोटा नव्हता, आणि इतकं नीच खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

"बघ," रामनाथ बायकोकडे वळला. "साहेबपण तेच म्हणतात. उगाच शेठना शिव्या देत होतीस."