शिंदी उपासाला चालते

नाव बिरप्पा बिन गुंडा. जात धनगर. मूळ राहणार माळशिरस तालुका, हल्ली मुक्काम सोलापूर. हुद्दा पट्टेवाला, कायम. वय जन्मतारखेच्या अभावी अदमासे सव्वीस. रंग सावळा, उंची बरी, बांधा मध्यम. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर एडक्याच्या शिंगाची जुनी जखम. वर्तणूक समाधानकारक. व्यसन नाही.

कचेरीच्या दप्तरात हे वर्णन होतं आणि बिरप्पा नोकरीला चिकटला त्या दिवशी ते बरंचसं खरंही होतं. पुढं पंधरा-सोळा वर्षांत ते कुणी ताडून पाहिलं नाही. दप्तरात बांधा एकदा मध्यम लागला की माणसानं मध्यम राहायचं असतं. बिरप्पा राहिला नाही. त्याचं पोट हळूहळू, कुणाला न विचारता पुढं येत गेलं. पट्टा अपुरा पडू लागला तेव्हा त्यानं वेशीजवळच्या चांभाराकडून त्याला मागून एक तुकडा जोडून घेतला. सरकारला याची खबर नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं, कारण सरकार नेहमी पुढून बघतं.

मार्शल लॉचं साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या दिवाळीनंतर पुण्याहून नवे पट्टे आले. जाड कातडं, पितळी बक्कल आणि सगळे एका मापाचे. बिरप्पानं आपला पट्टा चढवला तेव्हा बक्कल आणि पहिलं भोक यांच्यात चार बोटं अंतर राहिलं. श्वास रोखला तर तीन. पण दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाला अधूनमधून श्वास घ्यावाच लागतो.

कचेरीचे चिटणीस महादेवप्पा हे नियमाचे पक्के आणि स्वभावाचे मऊ गृहस्थ. नव्या पट्ट्याला तुकडा जोडणं म्हणजे सरकारी मालाची नासधूस, हे त्यांनी बिरप्पाला समजावून सांगितलं. माघात पुण्याचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. ज्याचा पट्टा बसणार नाही त्याला साहेबाच्या दारावर उभं करता येणार नव्हतं. त्याला मागं दप्तरखान्यात धूळ झटकायला पाठवावं लागणार होतं.

"पट्टा काही वाढायचा नाही, बिरप्पा," महादेवप्पा म्हणाले. "आता काय करायचं ते तुलाच करायला पाहिजे बघ."

दप्तरखान्यातही पगार तोच होता. पण बिरप्पाचा बाप अशाच एका कचेरीच्या पायरीखाली, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन, आत बोलावतील या आशेवर दिवस दिवस उभा राहिलेला. गुंडा धनगराचा पोरगा आता त्याच दाराच्या वरच्या बाजूला उभा असतो, हे गावाकडच्या प्रत्येक लग्नात निदान एकदा तरी सांगितलं जाई. पायरीखालची माणसं त्याला रामराम घालत. बिरप्पाकडं दुसरी इस्टेट नव्हती. तेवढा रामराम होता.

म्हणून तो वीरभद्रप्पा वैद्यांकडं गेला. वैद्यांनी त्याचं पोट चाचपलं, जीभ पाहिली आणि सांगितलं की तूप, भात, गूळ बंद. भाकरी एका वेळेला अर्धी. वर सकाळी कोमट पाण्यात मध. मग सवयीनं विचारलं, "पितोस का?"

"दारूला शिवत न्हाय, अप्पा. बिरोबाचा भंडारा उचललाय मी."

हे खरं होतं. एकुलता मुलगा तापात गेला त्या साली बिरप्पा दारू पिऊन रस्त्यात पडला होता, आणि त्यानंतर बायकोनं, मायाक्कानं, त्याला बिरोबाच्या भंडाऱ्याची हळद उचलून शपथ घ्यायला लावली होती. तेव्हापासून त्यानं दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही. तो शिंदी प्यायचा. शिंदी ही झाडाची असते, पहाटे उतरवतात, आणि दारू ही भट्टीची. अबकारी खातं दोन्हींचे परवाने वेगळे देतं. सरकार ज्या दोन वस्तू वेगळ्या मानतं त्या देवानं एक मानाव्यात असं बिरप्पाला वाटत नव्हतं. मायाक्काचं मत त्यानं विचारलं नव्हतं.

आता अडचण अशी की आपल्याकडं धडधाकट माणसानं कमी जेवायला दोनच अब्रूदार कारणं आहेत, ताप किंवा देव. पोट उतरवायचं म्हणून अर्धी भाकरी खातो असं सांगितलं तर लोक म्हणणार, घरातलं जोंधळं संपलं. तेव्हा बिरप्पानं जाहीर केलं की आपण बिरोबाचा उपास धरला आहे. माघी पुनवेपर्यंत अन्न वर्ज्य. वैद्यानं अर्धी भाकरी सांगितली होती, यानं तीही सोडली. तेवढंच लवकर पोट जाईल हा हिशोब. दिवसातून दोनदा भाजलेले शेंगदाणे, थोडं ताक.

मायाक्कानं त्याच सांजेला चूल सारवली आणि स्वतःही जेवली नाही. नवरा देवासाठी उपाशी आणि बायको भाकरी मोडते हे तिच्या घराण्यात बसत नव्हतं. बिरप्पा म्हणाला, तुला कशाला, तू दिवसभर लोकर कातती, शेरडांमागं फिरती. ती म्हणाली, देव काय तुमच्या एकट्याचा हाय व्हय.  यावर उत्तर द्यायचं तर उपास देवाचा नव्हे, पट्ट्याचा आहे, हे सांगावं लागलं असतं.

पहिले आठ दिवस बिरप्पानं प्रामाणिक उपास केला. संध्याकाळी कचेरी सुटली की डोळ्यांपुढं काजवे चमकत. गिरणीचा भोंगा होऊन कामगारांचे लोंढे शिंदीच्या दुकानाकडं वळत, आणि दुकान त्याच्या घरच्या वाटेवर होतं. ते तिथं सरकारनंच बसवलं होतं. दुकानदार ईरप्पा त्याच्या ओळखीचा. बिरप्पानं त्याला सांगितलं, उपास हाय. ईरप्पानं विचार केला आणि म्हणाला, "शिंदी धान्याची असतीय काय? झाडाचा रस आहे की. उसाचा चालतोय तर हा चालतोयच."

धर्मशास्त्रातले असे निवाडे नेहमी ज्याचा माल खपायचा असतो तोच देतो. बिरप्पाला निवाडा पटला. एक गाडगं प्याल्यावर काजवे गेले, दुसऱ्यानंतर पट्टाही गेला, निदान डोक्यातून. मग भूक लागली. शिंदीवर भूक अशी लागते की माणूस गाडगं चावेल. ईरप्पाच्या दारात एक बाई भजी तळायची. भजी उपासाला चालत नाहीत. म्हणून ती बिरप्पासाठी पीठ न लावता नुसत्या बटाट्याच्या चकत्या तळू लागली, त्याच कढईत, तशाच तेलात. वर मूठभर खारे दाणे. धान्याचा एक कण त्यानं तोंडात घातला नाही. ही गोष्ट तो पुढं शपथेवर सांगू शकला असता.

हा क्रम रोज संध्याकाळी चालू राहिला. घरी तो तंबाखू चघळत यायचा. मायाक्का त्याच्यापुढं दाण्यांची वाटी ठेवायची आणि त्यानं दोन-चार दाणे चिवडून वाटी सरकवली की तिला वाटायचं, केवढा निग्रह. एकदा तिनं स्वतःच्या वाटीतले निम्मे त्याच्या वाटीत ओतले. म्हणाली, "तुमी घ्या. तुमाला दिसभर हुबं ऱ्हावं लागतंय." त्यानं ते खाल्ले. नको म्हटलं असतं तर का नको हे सांगावं लागलं असतं, आणि शिवाय थोडी भूक होतीच.

मायाक्का वाळत चालली. आधीच ती काडीसारखी. आता बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. बिरप्पाच्या पट्ट्यातलं चार बोटांचं अंतर पाच बोटांवर गेलं. मार्गशीर्ष संपता संपता कचेरीतल्या माणसांनी हौसेनं त्याला अडत्याच्या वखारीत नेऊन काट्यावर बसवलं. उपासाला बसण्याआधीही त्यांनी त्याला तिथंच तोललं होतं. वजन चार शेरांनी वाढलं होतं.

कुठल्याही शहाण्या गावात लोकांनी यावरून काहीतरी ओळखलं असतं. सोलापुरात लोक भाविक आहेत. माणूस महिनाभर अन्नाला शिवत नाही आणि चार शेर वाढतो, याचा अर्थ देवानं उपास गोड मानून घेतला, असं अडत्यानंच पहिल्यांदा म्हटलं आणि बिरप्पाच्या पायांना हात लावला. मग ही गोष्ट पेठेत पसरली. पायरीखालची माणसं रामराम घालायची ती आता वाकू लागली. एक बाई तान्हं पोर घेऊन आली, याच्या कपाळाला भंडारा लावा म्हणाली. बिरप्पानं लावला. आदल्या सांजेच्या शिंदीनं त्याचे डोळे तांबारलेले होते. बाईला वाटलं, अंगात येतंय. महादेवप्पांनी तर त्याला देवपूजेसाठी तासभर लवकर घरी जायची परवानगी दिली. तो तास ईरप्पाच्या दुकानात गेला. आपल्याला जमिनीनं गिळावं असं त्याला त्या दिवसांत रोज वाटे, आणि तसं वाटू लागलं की त्यावर उपाय म्हणून तो आणखी एक गाडगं मागे.

चमत्कारावर विश्वास न बसलेलं माणूस पेठेत एकच होतं. मायाक्का रात्रंदिवस त्याच्या पोटाकडं पाहत होती. तिच्या चुलत्याचं पोट असंच वाढलं होतं, खाणं सुटलेलं असताना. त्यात पाणी झालं होतं, आणि तो गेला होता.  पौषातल्या एका सकाळी तिनं त्याला हाताला धरून उठवलं आणि वैद्यांकडं नेलं. वाटेत तिला दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसली तेव्हा तो तिच्याशेजारी उभा होता, आणि एक म्हातारा येऊन त्याच्या पाया पडून गेला.

वैद्यांपुढं बोलली तीच. धनी दीड म्हैना अन्नाला शिवले न्हाईत, आन अंग सुजत चाललंय. मी बिरोबाला बोललेय, ह्यांचं पोट उतरंस्तवर मीबी अन्न घेनार न्हाय. पुनव झाली तरी न्हाय. औषध काय लागंल ते द्या.

वीरभद्रप्पांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, पायाच्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं. मग तिची नाडी पाहिली आणि बराच वेळ हात सोडला नाही. एका घरातली दोन माणसं, एकच उपास, एकच दाणे. एक विझत चाललेलं आणि एक फुगत चाललेलं. ते बिरप्पाला म्हणाले, "तुला औषध नको. हिला हवंय, आणि ते भाकरी आहे. हिनं असंच चालवलं तर पुनव बघायची नाही. आता तू सांग, दाण्याशिवाय काय?"

 मायाक्का त्याच्या वतीनं म्हणाली, काय न्हाय, अप्पा, ताक तेवढं.

"शिंदी," बिरप्पा म्हणाला.

तिनं मान वळवली. "कवापासनं?"

"पयले आठ दिस सोडून समदं. रोजच. वर तळल्याला बटाटा."

वैद्य तिच्याकडं न बघता बोलू लागले, बहुधा कुणीतरी बोलायला हवं म्हणून. शरीर हे चुलीसारखं आहे, ते म्हणाले. चुलीत घासलेट ओतलं की आधी ते पेटतं आणि लाकडं तशीच राहतात. वरून घातलेला बटाटा, तेल, दाणा, सगळं अंगात रचून ठेवलं जातं. पिणारा म्हणतो मी काही खाल्लं नाही. पण जे प्याला तेही खाल्ल्यासारखंच आहे, आणि वर ते भूक पेटवतं. बिरप्पा, तू उपास केलाच नाहीस. तू दोन वेळचं जेवण एका वेळी पीत होतास.

मायाक्कानं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग पोटात पानी न्हाय न्हवं?"

"नाही."

"मरत न्हाईत न्हवं हे?"

"एवढ्यात नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच हलकं झाल्यासारखं दिसलं. ती रागावली असती, वैद्यांच्या ओट्यावर बसून बोटं मोडली असती, तर बिरप्पाला ऐकून घेता आलं असतं; त्यानं तशी तयारी केली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि भिंतीला धरून रस्त्याला लागली. तो चार पावलं मागून चालला. तिला आधार द्यायला त्याचा हात दोनदा पुढं झाला आणि दोन्ही वेळा तसाच मागं आला.

तिला घरी सोडून तो थेट कचेरीत गेला आणि महादेवप्पांना सांगितलं, मला दारावरनं काढा. का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, बटाट्यासकट. महादेवप्पांनी कानांवर हात ठेवले. दप्तरात व्यसन नाही असं लिहिलेलं होतं, आणि खाली त्यांचीच सही होती. शिवाय देवपूजेची सवलत त्यांनीच दिलेली. हे असं कागदावर आणता येणार नाही, ते म्हणाले, आणि तू बाहेरही बोलू नकोस. लोकांचा देवावरचा विश्वास उडेल. बिरप्पा म्हणाला, लोक पाया पडत्यात, रावसाहेब, मला सोसत न्हाय. महादेवप्पा म्हणाले, मग मागं जा, तिथं कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. सदर पट्टेवाला यांनी धार्मिक व्रताच्या पालनार्थ सोसलेले कष्ट व त्यामुळे त्यांच्या प्रकृतिमानात झालेला बदल विचारात घेऊन, त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून, त्यांना दारावरील कामातून मुक्त करून दप्तरखान्यात नेमण्यात येत आहे. त्यांची सचोटी व संयम इतर नोकरवर्गास अनुकरणीय आहेत.

त्या सकाळी मायाक्कानं, नवऱ्याचं पोट उतरायची वाट न बघता, दोन भाकऱ्या थापल्या आणि दोन्ही एकटीनं खाल्ल्या.